गोल जिना, उजवा हात आणि कॉन्वीचा किल्ला

युरोपातले किल्ले पाहायला निघालेल्या जवळपास प्रत्येकापर्यंत एक मजकूर पोहोचलेला असतो: किल्ल्यातले गोल जिने नेहमी उजवीकडे वळत चढतात, चढणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडतो, वरच्या रक्षकाला मोकळी जागा मिळते, म्हणून असे किल्ले अजिंक्य ठरले.

‘नेहमी’ हा दावा वेल्समध्येच कोसळतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तिथे 1283 मध्ये कॉन्वी आणि कार्नार्व्हन हे दोन्ही किल्ले बांधायला घेतले, आणि कार्नार्व्हनमध्ये डावीकडे वळत चढणारे जिनेही आहेत. उजवी वळणं जास्त आढळतात हे खरं. पण ती चर्चच्या मनोऱ्यांतही आढळतात, आणि तिथे रोज घंटा वाजवणारेच चढत.

तलवारीचं कारण मध्ययुगातल्या कुणा गवंड्याने सांगितलेलं नाही. ते रुजलं 20व्या शतकाच्या सुरुवातीला, थिओडोर अँड्रिया कुक यांच्या लिखाणातून. ते स्वतः तलवारबाज होते.

राहिलं अजिंक्यपण. कॉन्वीचे आठही बुरूज आज उभे आहेत, म्हणून तिथेच हे तपासावं. 1284 मध्ये ठरलेली शिबंदी फक्त 30 जणांची, त्यातले 15 क्रॉसबोवाले, म्हणजे आडव्या धनुष्याने बाण मारणारे. तेव्हा मारा तटावरून, लांबून करायचा. शत्रू बुरुजाच्या जिन्यापर्यंत पोहोचला तर इतक्या थोड्या माणसांचा किल्ला गेल्यातच जमा होता.

आणि कॉन्वी गेलासुद्धा. 1401 च्या गुड फ्रायडेला शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली असताना इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श नेता ओवेन ग्लिनडूर याच्या बाजूची माणसं सुतारकामाच्या बहाण्याने दारात आली, पहारेकऱ्यांना मारून आत घुसली आणि किल्ला ताब्यात घेतला. जिना कुठल्याही बाजूला वळला असता तरी हे टळलं नसतं. गडांचा इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको: गड जातात ते दगाफटक्याने, फितुरीने, नाहीतर रसद तुटल्याने.

रसदीची गोष्टही कॉन्वीतच घडली. 1294 च्या हिवाळ्यात वेल्श नेता मॅडॉगच्या बंडात खुद्द एडवर्ड इथे अडकला. त्याला तारलं समुद्रमार्गे आलेल्या पुरवठ्याने. त्यामुळे जिन्यात उभं राहून हात फिरवून पाहण्याआधी किल्ल्याच्या पूर्व टोकाला जा. धक्क्याकडे उतरणारी वाट तिथेच होती. आता शेजारी अभियंता टेलफर्डचा 1826 चा झुलता पूल आहे. किल्ल्याचं खरं बळ या बाजूला होतं, आणि बहुतेक लोक ती घाईत ओलांडतात.