कुठे उतरणार?

परत येऊन फार दिवस नाही झाले, डाव्या पायाची पोटरी अजून रात्री दोनला उठवते आणि मी अंधारात त्या माणसाला शिव्या घालतो. लोक विचारतात, अलास्का कसं होतं हो, बर्फ बघितलात का, देवमासा दिसला का. बर्फ बघितला. देवमाशाची शेपटी पण बघितली. पण सगळ्यात जास्त वेळ काय बघितलं असेल तर एक मोजा. करड्या रंगाचा, अंगठ्यापाशी विरलेला, रिकाम्या खुर्चीवर नीट पसरून ठेवलेला.

मुलगा सिएटलला असतो आणि अलास्काची बरीच जहाजं तिथनंच सुटतात, त्यामुळे विमानाचा खर्च 'नातवाला भेटायला' या खात्यात गेला आणि क्रूझ स्वस्तात पडली, असा हिशोब बायकोने मांडला आणि मी मान्य केला. क्रूझचं हे वेड आम्हाला रिटायरमेंटनंतर लागलं. आधी मुंबईहून लक्षद्वीप झालं, मग सिंगापूरहून फुकेत, आता हे. आमच्या आवडीनिवडीही ठरलेल्या. केबिन आतली घ्यायची, बिनखिडकीची, झोपायला खिडकी कशाला लागते, आणि वाचलेले पैसे बंदरात उतरून फिरण्यात घालायचे. लिफ्ट वापरायची नाही. सकाळी बाकीचे लोक उठायच्या आत डेकवर फेऱ्या मारून घ्यायच्या. मेतकूट बरोबर पाहिजे. केबिन साफ करणारा मुलगा रोज रात्री टॉवेलचा एक प्राणी करून पलंगावर ठेवतो, कधी हत्ती कधी माकड, तो काही हिला मोडवत नाही, त्यामुळे आमचा एक टॉवेल कायम हत्तीत अडकलेला आणि मी तोंड पुसतोय शर्टाला. असो.

सांगायचा मुद्दा, आम्ही बसणारे लोक नाही. जहाजावर सहलींची बुकिंग घेणारं एक काउंटर असतं, तिथल्या पोराने माझ्या केसांकडे बघितलं आणि आम्हाला जूनो या अलास्कातल्या बंदराच्या गावची बसमधली सहल पुढे केली, म्हणजे बसायचं, खिडकीतून बघायचं, उतरायचं, दुकानात जायचं. हिने तो कागद त्याला परत दिला. जूनोला माउंट रॉबर्ट्स नावाचा डोंगर अगदी बंदराला लागून आहे, केबल कार लोकांना बंदरातूनच उचलते आणि काही मिनिटांत अठराशे फुटांवर नेऊन ठेवते. आम्ही चालत गेलो. चिखल, झाडांच्या मुळ्या, चढ असा की बोलणं बंद. वर पोचलो तेव्हा केबल कारने आलेली मंडळी आइसक्रीम खात होती आणि त्यातल्या एका बाईने आम्हाला चिखलाने माखलेलं बघून विचारलं, 'पडलात का?'

तर हे असे आम्ही. पण ग्लेशियर बेचा दिवस वेगळा. त्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही, दिवसभर खाडीतनं हळूहळू आत जातं, हिमनद्यांपर्यंत, आणि वळून परत येतं. नॅशनल पार्क आहे, दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात, म्हणजे आपल्याला मिळालं हेच नशीब. थंडी अशी की बाहेर फार वेळ टिकत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा वरच्या डेकच्या मोठ्या हॉलवर, जिथे समोर आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि काचेला लागून खुर्च्या. आम्ही सकाळी सातला तिथे हजर. हॉल जवळजवळ रिकामा. आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या.

माणसांनी नाही. वस्तूंनी. कुठे पुस्तक, कुठे पाण्याची बाटली, एका खुर्चीवर फक्त टिश्यू पेपर, तो उडू नये म्हणून त्याच्यावर केळं. आणि समोरच्या मोक्याच्या रांगेत सहा खुर्च्या अशा की पहिलीवर एक गृहस्थ, पुढच्या पाचांवर सामान.

मी इंग्रजीत विचारलं, इथे कोणी आहे का. ते म्हणाले, "येस येस, फॅमिली." आणि लगेच फोनमध्ये मराठीत, "सावकाश या गं, मी धरून ठेवल्यात."

"अरे वा, मराठीच की आपण!" मी म्हटलं. मला वाटलं, मराठी म्हटल्यावर एक तरी खुर्ची सुटेल.

"हो का? वा वा. कुठले?"

"डोंबिवली."

"असं होय," ते म्हणाले, आणि पुन्हा काचेबाहेर बघायला लागले. बाहेर नुसतं धुकं होतं.

"कोण कोण बसलंय इथे?"

ते एकेका वस्तूकडे बोट करत सांगायला लागले, लग्नात नातेवाइकांची ओळख करून देतात तसे. "ह्या आमच्या मिसेस." माकडटोपी. "हे मेव्हणे." चष्म्याचं रिकामं घर. "मेव्हण्यांच्या मिसेस." खाकऱ्याचं अर्धं पाकीट. "हे आमच्या टूरमधले डॉक्टर." चौकड्यांचा रुमाल.

"आणि हा?"

"हा मोजा."

"मोजा आहे ते दिसतंय. कोणासाठी?"

"ते अजून ठरलेलं नाही. एक असावी जास्तीची."

मी खाली बघितलं. एका पायात मोजा आणि बूट, दुसरा पाय नुसताच बुटात. बाहेर धुकं आणि गारठा, आणि या माणसाने स्वतःचा एक पाय थंडीत घालून एक खुर्ची अडवली होती, अशा माणसासाठी जो अजून ठरलेलाच नव्हता. मला रागही आला आणि खरं सांगू का, थोडा आदरही वाटला.

"बाकीचे येणार कधी?"

"नाश्ता चाललाय. आमच्या टूरबरोबर महाराज आहेत ना. आज मिसळ केलीय."

आता माझं सगळं आयुष्य डोंबिवली-सीएसटी करण्यात गेलं. चौथ्या सीटवर अर्धा टेकून कुर्ला काढणारा माणूस मी, जागा मिळवायला उलटा कल्याणला जाऊन परत येणारा. रुमालाचं शास्त्र मला कोणी शिकवू नये. पण लोकलमध्ये एक कायदा आहे, न लिहिलेला, की बसलेल्याला विचारायचं आणि त्याने खरं सांगायचं, मग ती जागा तुमची. त्यामुळे माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कुठे उतरणार?"

"सिएटल," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे.

"मधे व्हिक्टोरिया आहे ना?"

"तिथे उतरणार. पण परत येणार."

"तेवढ्या वेळात खुर्ची?"

"रुमाल आहे की."

या व्हिक्टोरियाचं पण एक सांगतो, माझी ती वेगळी तक्रार आहे. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातनं उतारू घेऊन दुसऱ्या बंदरात सोडायचे नाहीत, आणि वाटेत घटकाभर फिरायला उतरवलं तरी ते सोडण्यातच धरतात. ही क्रूझ जहाजं सगळी बहामास, पनामा, बर्म्युडा असल्या ठिकाणी नोंदवलेली, त्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच यायचं तर वाटेत एखाद्या परक्या देशाचं बंदर लागावंच लागतं. म्हणून कॅनडातलं व्हिक्टोरिया. पण आमचं जहाज लागलं कधी, तर संध्याकाळी, दिवस कलल्यावर, आणि रात्रीच बाहेर. कायद्यापुरतं पाऊल लावून जायचं. इतकं सुंदर गाव आणि आम्ही ते बंद दुकानांच्या काचेतनं बघितलं. आणि या कॅनडापायी व्हिसा वेगळा काढावा लागतो, फी वेगळी, हे बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

तर मी उभा. बायको मागे कुठेतरी कॉफी आणायला गेलेली. खाडीच्या तोंडाशी एका छोट्या बोटीतनं पार्कची रेंजर बाई जहाजावर चढली आणि माइकवर सांगायला लागली. छान सांगत होती. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्द्याची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी नव्हतीच, तोंडापर्यंत सगळा बर्फ. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्गअभ्यासक आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे गेलेला. मी ऐकत होतो, हिशोब करत होतो, पुढे वाकून काचेतनं बघत होतो, तेवढ्यात मागून त्या मोजेवाल्या गृहस्थांचा आवाज आला.

"आजोबा, जरा सरकता का? फोटोत येताय."

आजोबा! त्या माणसाने केसांना कलप लावलेला होता आणि तोही बऱ्याच दिवसांपूर्वी, मुळाशी सगळं पांढरं दिसत होतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठाच असेल, लहान नक्की नाही. मी सरकलो. सरकलो हे महत्त्वाचं, कारण मी काय करणार, भांडणार? हिमनदीसमोर, रेंजर बाईसमोर, मराठीत?

एवढ्यात ही कॉफी घेऊन आली. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

ही ताई आणि मी आजोबा. लावा आता नातं.

"माहेर वेंगुर्ल्याचं," ही म्हणाली.

"काय सांगता! आमची सून सावंतवाडीची!"

झालं. मोजा उचलला गेला, झटकून पायात गेला, आणि ताई खुर्चीत. डोंबिवलीला खुर्ची नाही, वेंगुर्ल्याला आहे. पुढचा अर्धा तास कोकणातली कोणती कोणाची कोण हे चाललं आणि मग विषय निघाला जुन्या आगबोटीचा. ही लहानपणी भाऊच्या धक्क्यावरनं बोटीने वेंगुर्ल्याला जायची, डेकवर बसून. म्हणाली, "आमचे काका आधी पळत जाऊन सतरंजी टाकायचे. सतरंजी पडली की ती जागा आपली, मग मुंबईपासनं वेंगुर्ल्यापर्यंत कोणाची हिंमत नाही."

"बघा!" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "परंपरा आहे."

मी हिच्याकडे बघितलं. ही खाकरा खात होती. मेव्हण्यांच्या मिसेसचा.

मग मी म्हटलं सरळ मार्गाने जाऊ. हॉलच्या दारात पाटी होती, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ वस्तू ठेवून जागा अडवू नये, वस्तू उचलल्या जातील. कॉफीचे कप गोळा करणारा एक मुलगा होता, छातीवरच्या बिल्ल्यावर 'इंडिया', बोलल्यावर कळलं गोव्याचा, मडगावकडचा. त्याला पाटी दाखवली. तो म्हणाला, "अंकल, नियम आहे. पण दुसऱ्याची टोपी उचलणार कोण? मी उचलली तर कम्प्लेंट माझ्यावर." आणि कप घेऊन गेला. बरोबर आहे त्याचं. महिनोन्‌महिने घराबाहेर, चौदा भाषांतले लोक ओरडणार, त्यात हा खाकऱ्याचं पाकीट कुठे उचलत बसेल. पण मग पाटी लावता कशाला? डोईमागे रोजचा सर्व्हिस चार्ज न विचारता बिलात टाकता ना, त्यात खुर्चीवरची केळी उचलायला एक माणूस नाही ठेवता येत? आणि ज्यांना खरंच उभं राहवत नाही, अशा एक बाई वॉकर घेऊन मागच्या भिंतीला टेकून होत्या. त्यांना जागा कोणी दिली? कोणी नाही. रुमालाला होती. शेवटी त्या परत लिफ्टकडे गेल्या.

मार्जरी हिमनदी आली. आता हे मला नीट सांगता येणार नाही. पाण्यावर अडीचशे फूट उंच बर्फाची भिंत, निळी, मधेमधे काळ्या रेघा, आणि जहाजाचं इंजिन अगदी मंद. हॉलमधले सगळे उठून बाहेर रेलिंगला जाऊन उभे राहिले, त्यामुळे काचेपलीकडे जॅकेटच्या पाठीच पाठी. पहिल्या रांगेतल्या खुर्चीतनं काय दिसतं तर लाल जॅकेट, निळं जॅकेट, एक कुत्र्याचं चित्र असलेलं जॅकेट. मी उभाच होतो, चार पावलात बाहेर. भिंतीचा एक तुकडा सुटला, आवाज न करता खाली आला, पाणी उडालं, आणि मग आवाज पोचला, ढग गडगडावा तसा. ही पण बाहेर आली होती, माझा हात धरून उभी. कप्तानाने मग जहाज जागच्या जागी वळवलं, सगळ्या बाजूंना दिसावं म्हणून. म्हणजे कुठेही बसला असतात तरी दिसणार होतं!

आत येऊन बघतो तर गृहस्थ तिथेच. उठले नव्हते. उठले असते तर खुर्च्या गेल्या असत्या ना. "काय पडलं का?" त्यांनी विचारलं.

मेव्हणे, मिसेस, डॉक्टर सगळे एकदम आले, मिसळीचे ढेकर देत. खुर्च्यांवर बसले, काचेकडे पाठ करून एक फोटो काढला, आणि मागून कोणीतरी हाक मारली, "चला, जेवण लागलंय." गेले. वस्तू ठेवून गेले.

आता तो फोटो रोज सकाळी आमच्या घरी येतो, 'शुभ प्रभात' लिहून. हिने नंबर दिलाय. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा ग्रुप नॉर्वेला जातोय, फ्योर्ड बघायला, आणि हिला जायचंय. मी म्हटलं आपण आपलं आपण जाऊ. ही म्हणाली, त्यांच्याबरोबर महाराज आहेत. काल त्यांचा मेसेज आला, तो तिने मला मोठ्याने वाचून दाखवला. "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. जागेची काळजी करू नका. आणि आजोबांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवू का, ती पुढे लावता येते."