सिनेमातून आलात? या, बसा

आज पहाटे उठून, उटणं-अंघोळ उरकून दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाला गेले होते. घरी येऊन फराळाचं ताट पुढ्यात घेतलं तरी डोकं काही शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय. आयोजकांचं नाव घेणार नाही, निवेदकाचंही नाही. त्या दोघांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या हसण्याशी.

गाणं सुरेख चाललं होतं. मध्येच निवेदकाने श्रोत्यांना फर्माईश विचारली. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, कॉलेजला जाणारी असेल. म्हणाली, "अलबेला साजन म्हणाल का?" निवेदक माईकवरच हसला. म्हणाला, "ताई, ही शास्त्रीय मैफल आहे. पिक्चरमधली गाणी इथे होत नाहीत. आधी कान तयार करा, मग या." लोक हसले. पुढच्या रांगेतले, पासवर आलेले, जरा जास्तच हसले. पोरगी खाली बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

अरे बाबा, 'अलबेला साजन आयो रे' ही अहिरभैरव रागातली जुनी बंदिश आहे, रागात बांधलेलं गाणं! 'हम दिल दे चुके सनम' आला १९९९ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून ख्यालगायक ती गात आलेत. आणि सिनेमात ती गायलंय कोण? कविता कृष्णमूर्ती, शंकर महादेवन आणि उस्ताद सुलतान खाँ. सारंगीवाले सुलतान खाँ! त्यांनाही सांगणार का, कान तयार करून या म्हणून? शिवाय अहिरभैरव हा सकाळचा राग. भरलेल्या हॉलमध्ये वेळ धरून फर्माईश केली ती एकट्या त्या पोरीने. आणि हसले ते जाणकार.

मला इतका राग का आला ते सांगते. मीही सिनेमातूनच आलेय. आपल्या खान्देशातले निम्मेअधिक गाणंवेडे तिथूनच आलेत. आपल्याकडे कुठे होती घराणी? पुण्या-मुंबईच्या मैफली आपण वर्तमानपत्रात वाचायचो. आपल्याला मिळालं ते रेडिओतून, लग्नातल्या बँडमधून, टुरिंग टॉकीजमधून आणि कॅसेटीतून. ज्याला जो रस्ता मिळाला त्या रस्त्याने तो आला.

माझा रस्ता अमळनेरच्या बसस्टँडजवळून गेला. तेव्हा मी प्रताप कॉलेजला अकरावीला होते. तिथे एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. दुकानदाराला सगळा गाव जिभाऊ म्हणायचा, मीही म्हणायचे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट घ्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची, आणि चार दिवसांनी भरलेली आणायची. माझी यादी ठरलेली असायची: रेडिओवर त्या महिन्यात जे गाजतंय ते. जिभाऊ कव्हरवर निळ्या पेनाने सुरेख अक्षरात गाणी उतरवायचे. शेवटी फितीवर थोडी जागा उरली की तिथे स्वतःच्या पसंतीचं एक गाणं भरून टाकायचे आणि त्याचं नाव लाल पेनाने लिहायचे. गायक, चित्रपट, सगळं.

एकदा मी विचारलं, "जिभाऊ, हे मी सांगितलंच नव्हतं." ते म्हणाले, "तुन्ही यादी सरनी माय, पन फीत बाकी शे. कोरी कसाले सोडू? आयकी पाय." म्हणजे, तुझी यादी संपली, पण फीत उरलीय, कोरी कशाला सोडू? ऐकून बघ.

त्या कॅसेटवर लाल अक्षरात होतं: 'रस के भरे तोरे नैन, हिरादेवी मिश्रा, गमन'.

ती ठुमरी होती, म्हणजे रागाच्या अंगाने पण भाव खुलवत गायचं उपशास्त्रीय गाणं. मला तर ठुमरी हा शब्दही माहीत नव्हता. बी साइडवर माझं शेवटचं गाणं संपलं आणि एक बाईचा आवाज आला, भारदस्त, कसलीच घाई नसलेला. मला वाटलं चुकून दुसरंच काही भरलं गेलंय. तेवढ्यात बाई 'नैन'वर परत आल्या, मग पुन्हा आल्या, आणि दर वेळी तो शब्द वेगळाच वाटत गेला. मी गव्हातले खडे निवडत होते, सूप मांडीवर तसंच राहिलं. आणि ऐन रंगात खट्ट. फीत संपली. गाणं अर्ध्यातच तुटलं, कारण जिभाऊंच्या उरलेल्या जागेत ते मावलंच नव्हतं.

ते तुटलेलं गाणं मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून दुकानात. जिभाऊंनी 'गमन'ची अख्खी कॅसेट काढून दिली. मुजफ्फर अलींचा १९७८ चा सिनेमा, संगीत जयदेवांचं. अमळनेरला तो लागल्याचं कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याची गाणी माझ्या हातात होती. ठुमरी पूर्ण ऐकायला मिळावी एवढ्यासाठी ती घेतली, आणि ठुमरीच्या आजूबाजूला काय काय सापडलं! शहरयारांची 'सीने में जलन', सुरेश वाडकरांच्या आवाजात. छाया गांगुलींची 'आपकी याद आती रही रातभर', जिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ती गझल मख्दूम मोहिउद्दीन यांची. हैदराबादचा हा शायर मला कोणत्या पुस्तकातून भेटणार होता? मख्दूमचं नाव पाठ झालं, म्हणून 'बाजार' सिनेमाच्या कॅसेटच्या कव्हरवर ते दिसल्याबरोबर ओळखलं. तिथे 'फिर छिड़ी रात' त्यांची आणि त्याच कॅसेटवर मीर तकी मीर. अठराव्या शतकातला मीर, अमळनेरच्या बसस्टँडवर!

त्यानंतर ठुमरीच्या मागे लागले. निरनिराळ्या गायिकांच्या एकेक-दोन दोन ठुमऱ्या एकत्र केलेल्या संग्रहाच्या कॅसेटी तेव्हा मिळायच्या. सिद्धेश्वरी देवी, रसूलनबाई, बेगम अख्तर. या संग्रहांना नावं ठेवणारेही पुष्कळ. एका कलाकाराचं पूर्ण काम ऐकावं म्हणे. बरोबर आहे, ऐकावंच. पण कोणाचं पूर्ण ऐकायचं हे कळायला आधी सगळ्यांचं थोडं थोडं चाखावं लागतं. ज्याच्या घरात गाणं आहे त्याला ते ताटात वाढून मिळतं. माझ्या घरात कपाशी होती.

आणि हा आजचा निवेदक! ज्या दिवाळी पहाटचं तो निवेदन करत होता, ती तरी काय असते? एक अभंग, एक नाट्यपद, एक भावगीत, एक राग, शेवटी भैरवी. निरनिराळ्यांचं एकेक वेचून एका सकाळी बांधलेलं. म्हणजे संग्रहाची कॅसेटच ती, फक्त माणसं समोर बसवलेली. त्याच मंचावरून तो एका पोरीला हसला.

सिनेमात राग तीन-चार मिनिटांत बसवतात, त्याचे हातपाय तोडतात, हे मला मान्य आहे. सिनेमा ऐकून राग कळत नाही, हेही मान्य. पण ओढ लागते की नाही? माझी लागली. ओढच नसेल तर राग समजून घ्यायला कोण कशाला येईल?

आणि सिनेमा जर एवढा हलका, तर थोर मंडळी तिथे कशाला गेली? 'बैजू बावरा'त, १९५२ साली, अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर एकत्र गायले. नौशादांनी गाऊन घेतलं म्हणून ते गल्लीबोळात पोचलं. 'अनकही'त भीमसेनजी गायले, पुन्हा संगीत जयदेवांचंच, आणि भीमसेनजींना पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. या माणसांना आपण काय करतोय ते कळत नव्हतं का?

लांब कशाला जायचं, आपल्या घरातलं सांगते. माझी आजी आसोद्याच्या, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेराच्या, शेजारच्या गावातली. तिला वाचता येत नव्हतं. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली पुस्तकरूपाने आली, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आजीला त्यातलं काही पोचलं नाही. पोचणार कसं? पुस्तक होतं ते. तिला बहिणाबाई भेटल्या त्या 'मानिनी'मुळे. १९६१ चा सिनेमा, वसंत पवारांचं संगीत. त्यात 'अरे संसार संसार' आलं, 'मन वढाय वढाय' आलं, आणि रेडिओवर वाजत वाजत आमच्या ओसरीपर्यंत आलं. आजी भाकरी थापताना म्हणायची, "ही तर आपलीच बाई बोलते." जिने स्वतः कधी अक्षर गिरवलं नाही अशा बाईची कविता, जिला अक्षर येत नाही अशा बाईपर्यंत कुणी नेली? समीक्षकांनी नाही नेली. सिनेमाने नेली. हे लिहिताना माझा आवाज चढलाय, टाइप करतेय तरी.

कवी ना. धों. महानोरांचंही तेच. त्यांचं गाव पळासखेडे, अजिंठ्याच्या पायथ्याशी. जिल्हा दुसरा असला तरी जळगावकरांनी त्यांना कधी परकं मानलं नाही. 'रानातल्या कविता' १९६७ ची. पण आमच्या वयाच्या किती जणांनी ती आधी वाचली? आम्ही आधी 'जैत रे जैत' ऐकलं. १९७७, हृदयनाथांचं संगीत, सिनेमाभर गाणीच गाणी. कॅसेटच्या कव्हरवर गीतकाराचं नाव वाचलं, 'अरे, हे तर आपल्याकडचे' म्हणून वाचनालयात गेलो आणि मग कविता हातात आली. कविता वाचल्यावर गाणं लहान झालं का? उलट आता गाणं ऐकताना शेत दिसतं. आणि ठाकर आदिवासींच्या गाण्याचा तो ठेका! कर्नाळ्याच्या डोंगरातला ठेका आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याशी बसून पाठ झाला.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. पुण्यातल्या भाच्याने मागे एक अल्बम पाठवला होता, 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या २००० सालच्या अमेरिकन सिनेमाचा. त्यात त्यांच्या डोंगराळ भागातली जुनी गाणी. सत्तरी ओलांडलेले राल्फ स्टॅनली एकही वाद्य साथीला न घेता मृत्यूला उद्देशून गातात. अंगावर काटा येतो. २००२ साली त्या अल्बमला ग्रॅमीचं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक मिळालं, म्हणजे अमेरिकेच्या शहरांना त्यांच्याच डोंगरातलं गाणं सिनेमाने ऐकवलं. मला इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या अल्बमनंतर मी बँजो म्हणजे काय ते शोधलं. आपल्या वरातीतला बँजो वेगळा, हा वेगळा.

भाचा म्हणतो, मावशी, आता सगळं फोनवर आहे, दुकानदाराची काय गरज? खरंय त्याचं, सगळं आहे. हिरादेवी मिश्रांची ती ठुमरी आज मला एका बोटावर मिळते, पूर्ण, न तुटता. ते चांगलंच आहे. पण फोन मला जे आवडतं त्याच्याच जवळपासचं पुढे ढकलतो. मी ठुमरी ऐकली की आणखी ठुमरी. जिभाऊंनी मला किशोरकुमारच्या गाण्यानंतर हिरादेवी ऐकवल्या. असं धाडस करायला समोरची मुलगी ओळखीची लागते. तिचे वडील कोण, ती शिकते काय, मागच्या खेपेला दुकानात कोणत्या गाण्यापाशी थांबली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि फोनवर नावं कुठे असतात हो? गायकाचं असतं. गीतकार, संगीतकार शोधून दमायला होतं. जिभाऊंच्या कव्हरवर लाल पेनाने चित्रपटाचं नाव नसतं, तर मी काय मागायला गेले असते? मख्दूम, मीर, महानोर, सगळे कव्हरवरूनच भेटले ना.

हो, कॅसेट भरून देणं कायद्यात बसत नव्हतं. माहिती आहे. कंपन्यांचं नुकसान होत होतं, कलाकारांचंही. मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्या भरलेल्या एका कॅसेटपायी मी पुढे किती विकतच्या घेतल्या, ते माझ्या कपाटाला विचारा.

जिभाऊ आता नाहीत. त्यांना कुणी रसिक म्हणालं नाही, सत्कार नाही, शाल नाही. ते कधी पहिल्या रांगेत बसले नाहीत. पण फितीवर जागा उरली तर कोरी सोडायची नाही, एवढं ते जन्मभर पाळत आले. एका पोरीने पिक्चरचं गाणं मागितलं म्हणून ते हसले असते का? छे. त्यांनी तिला पिक्चरचं गाणं भरून दिलं असतं आणि शेवटी लाल पेनाने लिहिलं असतं: अहिरभैरव, अमुक खाँसाहेब. आयकी पाय.

आता माझं एक काम करा. चोपडा, पाचोरा, शहादा, दोंडाईचा, धुळे, कुठलेही असा. प्रत्येक गावात एक जिभाऊ होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. घरात माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशा भरलेल्या कॅसेटी पडल्या असतील तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊ नका. माझा टेपरेकॉर्डर चालतो, बेल्ट नुकताच बदलून आणलाय. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, ऐकून, कॉम्प्युटरवर उतरवून परत आणून देईन. फीत खराब झाली असली तरी चालेल. फक्त हाताने लिहिलेलं कव्हर आत असू द्या, आणि शेवटची ओळ वेगळ्या शाईत असेल तर मला आधी फोन करा.