डावं पेडल उलटंच आवळायचं!

कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘एक्सरसाइज बाइकची दोन्ही पेडलं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळा, अडलं तर पान्याने जोर लावा.’ हे निम्मंच खरं. उजवं पेडल तसंच बसतं. डाव्याचे आटे उलटे, ते काट्यांच्या विरुद्ध आवळायचं. डावं-उजवं सीटवर बसल्यावर ठरतं. पेडलवर बहुधा ‘एल’ किंवा ‘आर’ असतंच, तेवढं बघा. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच बसवा, पाना नंतर. जबरदस्ती केलीत तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात. मग शोधत बसा जुन्या बाजारात! आणि उलटे आटे म्हणजे ‘डिफेक्टिव्ह पीस’ नव्हे; चालवताना डावं पेडल सैल होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे असतात. तरी आठवडाभर वापरल्यावर दोन्ही पुन्हा आवळून घ्या.