उसना गोऱ्हा जुंपताना

जिल्ह्याच्या फुटबॉल साखळीत आपला संघ दुसऱ्या श्रेणीत खेळतो आणि गेली कित्येक वर्षे तो तिथून ना वर चढतो ना खाली घसरतो, एवढ्यावरून आपण निराश होण्याचे कारण नाही. कार्यकारिणीची बैठक बोलवा, चहा सांगा आणि शहरातल्या पहिल्या श्रेणीच्या क्लबाकडून एका हंगामासाठी दोन-तीन कोवळी पोरे उसनी आणण्याचा ठराव मंजूर करून घ्या. ठरावाला विरोध होणार नाही, कारण ज्यांच्या जागा त्यामुळे जाणार आहेत ती मुले त्या वेळी मैदानावर सराव करीत असतील आणि त्यांना बैठकीची सूचना देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

निवड कशी करावी, हे आता पाहू. बैलबाजारात जोडी घेताना आपले वडील जबडा उघडून दात पाहत, दोनदाती आहे की चारदाती की जुळलेला हे ठरवत, मग चालवून पाहत आणि तरीही घरी येईपर्यंत कुरकुरत. खेळाडूच्या बाबतीत ही तसदी घेऊ नये. क्लबाने मोबाईलवर धाडलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहावा. त्यात तो मुलगा एकही पास चुकत नाही, तीन जणांना चकवतो, आणि मागे गाणे वाजत असते. चेंडू गमावल्यावर तो मागे धावताना कुठे दिसत नाही, यावरून तो धावतच नसावा असा निष्कर्ष काढणे हा निव्वळ खेडवळपणा होय.

शहरातला क्लब आपला उमदा खेळाडू आपल्याला का देतो, असा प्रश्न मनात येईल, तो येऊ द्यावा आणि जाऊ द्यावा. ज्याच्या गोठ्यात कामाच्या दोन जोड्या उभ्या आहेत तो शेतकरीही आपला नवा गोऱ्हा शेजाऱ्याला डवरणीसाठी मोठ्या मनाने देतोच की. शेजाऱ्याला वाटते, बैल मिळाला. धन्याला ठाऊक असते की तास वाकडे जाईल ते शेजाऱ्याच्या वावरात, पऱ्हाटी मोडेल ती शेजाऱ्याची, आणि गोऱ्हा परत येईल तो जू अंगवळणी पाडून घेऊनच. शहरातले लोक याला खेळाडूचा विकास म्हणतात. आपणही तसेच म्हणावे, पत्रात शोभून दिसते.

बैठकीत एखादे शंकेखोर गुरुजी निघतातच. त्यांच्या तोंडावर इंग्लंडचे दाखले मारावेत. तिथल्या दुसऱ्या श्रेणीला चॅम्पियनशिप म्हणतात, तीत २४ संघ प्रत्येकी ४६ सामने खेळतात, पहिले दोन थेट वर जातात आणि त्या काळी तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ उरलेल्या एका जागेसाठी झगडत. २०१२ साली वॉटफर्ड हा क्लब पोझ्झो नावाच्या इटालियन कुटुंबाने घेतला. त्यांच्याच मालकीचे उदिनेसे आणि ग्रानाडा हे क्लब अनुक्रमे इटलीत आणि स्पेनमध्ये होते. इंग्लंडमधल्या क्लबाकडून किती खेळाडू उसने घ्यावेत यावर बंधन होते, परदेशातून आणलेले त्या हिशेबात धरत नसत, तेव्हा मालकांनी आपल्याच दुसऱ्या वावरातले दहाहून अधिक खेळाडू वॉटफर्डच्या दावणीला आणून बांधले. त्यातल्या मातेय विद्रा या तरण्या चेक खेळाडूने साखळीत २० गोल केले आणि संघ तिसरा आला. गुरुजींना इथपर्यंतच सांगावे.

पुढचे आपल्यापुरते ठेवावे. २७ मे २०१३ रोजी त्या उरलेल्या एका जागेसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात वॉटफर्ड आणि क्रिस्टल पॅलेस यांची गाठ पडली, सामना वाढीव वेळेत गेला आणि पॅलेसला पेनल्टी मिळाली. ती मिळवून देणारा विल्फ्रेड झाहा जानेवारीतच मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता आणि उरलेल्या हंगामापुरता आपल्याच जुन्या क्लबात उसना खेळत होता. ती मारणारा केव्हिन फिलिप्स ब्लॅकपूलहून उसना आणलेला होता आणि त्याचे वय ३९ होते. म्हणजे गोऱ्ह्यांच्या त्या खिल्लाराला एका विकून झालेल्या गोऱ्ह्याने आणि एका पार जुळलेल्या बैलाने मिळून हरवले. परदेशी उसनवारीची ती फटही नंतर नियम करून बुजवण्यात आली.

गुरुजी तरीही बधले नाहीत तर त्याच श्रेणीतल्या डर्बी कौंटी या क्लबाचे नाव घ्यावे. २०१८-१९ च्या हंगामात फ्रँक लँपार्ड हे नवे प्रशिक्षक तिथे आले आणि त्यांनी आपल्या जुन्या चेल्सी क्लबातून मेसन माउंट आणि फिकायो टोमोरी, तर लिव्हरपूलहून हॅरी विल्सन यांना उसने आणले. पोरे खरोखर सुंदर खेळली, हे मी उपरोधाने लिहीत नाही. संघ सहावा आला, उपांत्य फेरीत लीड्सला लीड्सच्याच मैदानावर ४-२ ने हरवून वेम्बलीला पोचला आणि २७ मे २०१९ रोजी, म्हणजे वॉटफर्ड ज्या तारखेला रडले त्याच तारखेला, ॲस्टन व्हिलाकडून २-१ ने हरला. व्हिलाच्या आघाडीला त्या वर्षी २६ गोल करणारा टॅमी अब्राहम होता, तोही चेल्सीचाच आणि तोही उसना. चेल्सीला त्या दुपारी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवता आल्या असत्या. जुलैमध्ये लँपार्ड यांनाच चेल्सीने बोलावून घेतले, आणि माउंट, टोमोरी व अब्राहम तिघेही त्यांच्या हाताखाली पहिल्या श्रेणीत खेळू लागले. डर्बीकडे त्या हंगामातली छायाचित्रे राहिली. २०२१ च्या सप्टेंबरात तो क्लब दिवाळखोरीच्या दारात जाऊन प्रशासकाच्या हाती गेला, त्याचे २१ गुण कापले गेले आणि पुढल्या वर्षी तो तिसऱ्या श्रेणीत उतरला. त्याला पैशांची वेगळी कारणे होती आणि उसन्या पोरांचा त्यात काही दोष नव्हता. पोरे वेळेवर निघून गेली होती, एवढेच.

कायद्याचीही भीती बाळगू नये. फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीला वेसण घातली आणि ती टप्प्याटप्प्याने आवळत २०२४ पासून कोणत्याही क्लबाला एका वेळी जास्तीत जास्त सहा खेळाडू बाहेर देता येतील आणि सहाच आत घेता येतील, असे ठरवले. मात्र २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबाने स्वतः घडवलेले खेळाडू या मोजणीतून वगळले. म्हणजे कामाच्या बैलांची मोजदाद होते आणि गोऱ्ह्यांची होत नाही. आपल्याकडे तर हिशेब विचारायला फिफा येणार नाही, तलाठी येईल, आणि तो सातबारा पाहतो.

आता संघ चालवण्याविषयी, आणि इथे मी अनुभवाच्या अधिकाराने लिहितो, कारण आमच्या गावाने हा प्रयोग दोन हंगाम केलेला आहे. पाहुण्या मुलाला ग्रामपंचायतीमागची खोली द्यावी, तिला कूलर बसवावा, आणि वांग्याची भाजी त्याला चालत नाही हे घरोघर कळवून ठेवावे. त्याहून महत्त्वाची असते मिनिटांची वही. मोठ्या क्लबांच्या करारांत, पोराला पुरेसे खेळवले नाही तर जास्तीचे पैसे भरा, असे कलम असते. आमच्या दोन पानी करारनाम्यातही ते आले, कारण तो कशावरून तरी उतरवून काढला होता. त्यामुळे प्रत्येक सामन्याला पाहुणा किती मिनिटे खेळला, हे एका शंभर पानी वहीत लिहावे लागे. हे काम आम्ही गावातल्याच एका १८ वर्षांच्या मुलाकडे दिले. तो लहानपणापासून आमच्याच मैदानावर डावीकडून खेळलेला, आणि आता त्याच जागेवर पाहुणा आल्याने त्याच्याकडे वेळ होता. सामन्याआधी तो फक्कीने रेषा आखी, सामना सुरू झाला की बाकावर बसून वही लिही. अक्षर देखणे, आकडे एकाखाली एक: ९०, ९०, ७८, ९०. एका रकान्यात त्याचे स्वतःचेही नाव आहे, त्यासमोर ३ लिहिलेले आहे. त्या दिवशी पाहुण्याच्या बुटाची नाडी तुटली होती.

आपणही अशी वही ठेवावी आणि तिच्यापुढे सामन्याच्या निकालाला फारशी किंमत देऊ नये. आम्ही ३-० ने मागे होतो, पाहुणा घोटा धरून उभा होता, आणि मैदानाबाहेरून कोणीतरी ओरडले, “काढा ना जी त्याले बाहेर, दिसत नाई काय?” आमच्या सचिवांनी वही मागवली, चष्मा लावला आणि करारानुसार अजून ११ मिनिटे बाकी असल्याचे शांतपणे सांगितले. लंगडत का होईना, ती भरली. मध्यंतराला शहरातून फोन येई, त्यात गुणफलक कोणी विचारीत नसे. पोरगा कुठल्या जागेवर खेळतोय आणि त्याला पाणी उकळून देता का, एवढेच विचारीत.

उपांत्य सामन्यात समोर पाहुण्याचाच मूळ क्लब आला, म्हणजे त्यांचा दुसरा संघ. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उसना खेळाडू आपल्या मूळ क्लबाविरुद्ध उतरू शकत नाही असा नियमच आहे, आणि आमच्या करारनाम्यातही ते वाक्य उतरवताना सुटले नव्हते. आदल्या रात्री आठला आम्ही फक्की आखणाऱ्या मुलाच्या घरी गेलो. तो तुरीच्या राखणीला गेला होता. निरोप मिळाल्यावर सकाळी तो मैदानावर आला, आधी रेषा आखल्या आणि मग पाहुण्याची जर्सी घालून डावीकडे उभा राहिला. आठ महिने बाकावर बसलेल्या मुलाने जसे खेळावे तसाच तो खेळला, आणि आम्ही सर्वांनी सायंकाळी एकमताने ठरवले की गावच्या पोरांत दमच नाही, पुढल्या वर्षी तीनऐवजी पाच उसने आणू.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाची खांद शेकून “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” असे म्हणतात, ते धन्याच्या दारात. उसना घेतलेला बैल पोळ्याला आपल्या घरी ठेवून घेणे कोणत्याच गावात बसत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. तेव्हा हंगाम संपताच पाहुण्याला एसटीत बसवून द्यावे आणि वर्षभर वर्तमानपत्र चाळत राहावे. आमचा पाहुणा पुढे बराच चमकला. त्याची मुलाखत आली, झुली घातल्यासारखा नव्या जर्सीत फोटो आला, आणि पाचव्या परिच्छेदात एक ओळ होती, “मध्ये एक वर्ष मी बाहेर एका खेड्यात खेळलो, तिथे वीज नसायची.” असे कात्रण हाती आले की ते लॅमिनेट करून चावडीवरच्या फलकावर लावावे. खाली “ते खेडे हेच” असे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. आम्ही रंगारी बोलावला नाही, फक्की आखणाऱ्या त्या मुलानेच लिहून दिले.