डिंगी कुठली, सुकाणू कुठलं?

दर शनिवारी साउदॅम्प्टनला लेकीला शिडाची होडी शिकायला घेऊन जाते. शिकवणारी बाई ओरडून सांगते, ‘डिंगी उलटली तर तिला धरून राहा!’ कितीतरी वर्षं मी हा शब्द इंग्रजीच समजत होते. पण तो बंगालचा. डिंगी म्हणजे नदीतली लहानशी होडी. कंपनीच्या काळात बंगालच्या नद्यांवर इंग्रजांनी तो उचलला आणि पुढे जहाजासोबतच्या छोट्या नावेला लावला. वाचताना ‘ग’चा ‘ज’ होऊ नये म्हणून स्पेलिंगमध्ये एच घातला. आता रबरी होडीही डिंगी, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या शर्यतीच्या नावातही डिंगीच.

इकडे माहेरच्या ग्रुपवर वाद पेटलाय: मराठीतले परके शब्द हाकलायचे की नाही? हाकला म्हणणारा काका फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या, शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला देतो, सावरकरांचा देतो. त्याचं सगळंच मला चूक वाटत नाही. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ सावरकरांनी दिले, ते माझ्याही तोंडात आहेत. पण महाराजांच्याच आरमारात गुराब जातीची लढाऊ जहाजं होती, आणि गुराब हा शब्द अरबी. अरबीत त्याचा अर्थ कावळा. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांनी इंग्रजांना जेरीस आणलं. इंग्रजांनी आपल्या कागदांत तिला ‘ग्रॅब’ लिहिलं. गुराबेला परकी ठरवलं तर आंग्र्यांचं आरमार सांगायचं तरी कसं? आणि आपण मोठ्या अभिमानाने जी ‘सुकाणू समिती’ नेमतो, त्यातलं सुकाणूही अरबीच.

इंग्रजीचा मोठेपणा मला शब्द घेण्यात वाटत नाही, घेतात सगळेच. त्यांचा कोश डिंगीपुढे तिचं गाव लिहून ठेवतो, ते मला आवडतं. आपल्याकडे मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकातच आपल्या मराठी-इंग्रजी कोशात कितीतरी शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी अशा खुणा केल्या होत्या. शाळेत कुणी त्या आम्हाला दाखवल्या नाहीत. दाखवल्या असत्या तर आजचं भांडण निम्मं तरी मिटलं असतं, असं मला खरंच वाटतं.

मात्र काकाची एक भीती माझीही आहे. कोकणच्या बंदरांवरचा जिता शब्द सोडून आळसाने इंग्रजी शब्द घेतला, की आपला शब्द मरतो.

परवा लेक भिजून बाहेर आली. ‘आई, मराठीत डिंगी म्हटलं तर चालेल?’

‘चालेल की. पण रडर नाही म्हणायचं. सुकाणू म्हण.’


घरी येईपर्यंत गाडीत ती ‘सुकाणू, सुकाणू’ घोकत होती.