मोठे बाबा आणि 'हो ना'
सर, तुमच्या लेखात मेंदूतल्या ब्रोकाच्या भागाला (शब्द उच्चारायला लागणारा भाग) 'बोलण्याचं बटण' म्हटलंय. जागा बरोबर सांगितली (डाव्या कपाळामागची मेंदूची खालची वळी, म्हणजे घडी), पण बटण नाही पटलं. १८६१ मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं फक्त 'तान' म्हणू शकणाऱ्या ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, तो पॅरिसमध्ये जपून ठेवलाय. २००७ मध्ये त्याच्या एमआरआयचा अभ्यास छापून आला, तेव्हा इजा त्या भागापुरती नव्हे, पार आतल्या, मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली. मग एकाच जागेला बटण कसं म्हणायचं?

आमचं खेडं यवतमाळकडे. लकवा मारल्यावर मोठे बाबा फक्त 'हो ना' म्हणायचे. गावात लगेच सुरू, 'बुढ्याचं डोकं गेलं'. कुठचं गेलं बाप्पा! कापसाचा पडलेला भाव सांगितला की कपाळाला आठ्या पडायच्या. समजत सगळं होतं, शब्द तेवढे निघत नव्हते. उजवा हातही लुळा पडला होता, कारण मेंदूत तोंड नि हात हलवणारा पट्टा ब्रोकाच्या भागाशेजारीच आणि या दोन्ही भागांना रक्त नेणारी धमनी एकच. अन् देवळात भजन लागलं की हाच माणूस अख्खं कडवं म्हणायचा! टाळ थांबले की पुन्हा 'हो ना'. याबद्दल लेखात एक ओळही नाही, त्यावर लिहा ना सर.