‘विसरलं तर पोर्टावर घेऊ’: नाही भेटत, भाऊ

सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. मथळा असा: ‘क्रूझला जाताय? बॅगेचं टेन्शन सोडा.’ खाली दावे. काहीही विसरलात तरी क्रूझ पोर्टच्या गेटासमोरच सगळं भेटते. दुकान नाही दिसलं तर अ‍ॅपवरून दहा मिनिटांत मागवा. जहाजावरची दुकानं ड्यूटी-फ्री, म्हणजे उलट स्वस्त. औषधं राहिली तर डॉक्टर जहाजावरच असतो. आणि एवढं करूनही काही राहिलंच, तर पुढच्या बंदरात उतरून घ्या. शेवटी जोडलेले हात आणि ‘अनुभवावरून सांगतोय’.

अनुभव खोटा असेल असं नाही. लिहिणारा बहुधा सिंगापूरच्या हार्बरफ्रंटवरून जहाजात चढला असावा. तिथलं क्रूझ सेंटर व्हिवोसिटी मॉलला लागूनच आहे. खाली मेट्रो, आत सुपरमार्केट आणि औषधांची दुकानं. चप्पल तुटली तर दहा मिनिटांत नवी घेऊन माणूस रांगेत परत. पण त्याच सिंगापुरात दुसरं टर्मिनल आहे, मरीना बे क्रूझ सेंटर. नाव ऐकून झगमगाट डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ते मरीना साउथ पिअर स्टेशनपाशी, शहराच्या एका टोकाला आहे आणि बाजारहाटासाठी मेट्रोने मागे यावं लागतं. टूरच्या पत्रकावर ‘सिंगापूर क्रूझ’ एवढंच छापलेलं असतं. कोणतं टर्मिनल, हे ज्याने विचारलं त्यालाच कळतं.

शहराच्या नावावर जाण्यात आणखी मोठी फसगत आहे. पत्रकात ‘रोम’ असतं, जहाज लागतं चिव्हिटावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘बँकॉक’चं जहाज बहुधा लाएम चाबांगला लागतं, तेही शंभराहून जास्त किलोमीटर दूर. बार्सिलोनाची बरीच टर्मिनलं लांबच लांब धक्क्यावर आहेत. तिथून शहराच्या तोंडाशी यायलाही बस धरावी लागते.

पण आपल्यातले बहुतेक जण मुंबईहूनच जहाज धरतात, तर मुंबईचंच बोलू. गेट म्हणजे ग्रीन गेट, भाग बॅलार्ड पिअरचा. २०२५ मध्ये तिथे नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. इमारत देखणी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण गेटासमोर काय आहे? बॅलार्ड इस्टेट. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेजारची गोदी खणताना निघालेली माती टाकून ही जमीन तयार झाली आणि पोर्ट ट्रस्टने तिथे दगडी कचेऱ्या उभ्या केल्या. जहाज कंपन्या, विमा, वकील, बँका. राहणारी वस्ती जवळजवळ नाहीच, मग किराणा आणि जनरल स्टोअर्स कोणासाठी उघडणार? संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते रिकामे, रविवारी तर शुकशुकाट. जेवायचं म्हणाल तर १९२३ पासूनचं ब्रिटानिया आहे. बेरी पुलाव मिळेल, दाढीचा साबण नाही.

नागपूरला समुद्र नाही, पण बंदर कसं चालतं ते आपल्याला अगदीच परकं नसावं. अजनीच्या कंटेनर डेपोच्या फाटकाशी उभं राहून पाहा: कस्टम्स, सुरक्षारक्षक, ट्रकांची रांग. तिथे कोणी टूथपेस्ट शोधत नाही. बंदर हे त्याचंच मोठं भावंड. दुकान तिथे उगवतं जिथे माणसं रोज पायी जातात, आणि क्रूझचा प्रवासी टॅक्सीतून उतरतो तो थेट आतच जातो. टर्मिनलच्या आत दुकानं असली तरी ती कॉफीची, चॉकलेटची, फ्रीजवर चिकटवायच्या चुंबकांची. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, चष्म्याचा स्क्रू तिथे मिळेल या भरवशावर निघू नये.

हे ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही, कारण खरा बाजार फार लांबही नाही. फक्त तो पोर्टाशी नाही, सीएसएमटीशी आहे. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने सकाळी उतरणाऱ्या नागपूरकराच्या हातात जहाज सुटेपर्यंत काही तास असतात. ते टर्मिनलच्या दाराशी बसून घालवण्यापेक्षा बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं जवळ ठेवा. मग मोकळ्या हाताने बाहेर पडा. औषधांसाठी सेंट जॉर्जेस हॉस्पिटल स्टेशनच्या बाजूलाच आहे, आणि हॉस्पिटलच्या आसपास मेडिकल स्टोअर असायचंच. आपल्या मेडिकल चौकाला जे लागू तेच तिथे. चार्जर, केबल, टोपी, गॉगल, मोजे हे दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली. तिकिटाची किंवा आधारची प्रत काढायची तर फोर्टात झेरॉक्सवाले भरपूर, कारण हायकोर्ट तिथेच. क्रॉफर्ड मार्केटही चालत जाण्यासारखं.

मात्र वार बघा. रविवारी फोर्ट झोपलेला असतो. त्या दिवशी टॅक्सी कुलाब्याकडे वळवा. तिथला कॉजवेचा बाजार रविवारी जागा असतो, आणि रीगलच्या चौकात सहकारी भांडार आहे, जिथे साबणापासून चड्डीबनियनपर्यंत घरगुती गरजेचं सामान एका छताखाली मिळतं. वीकेंडच्या फेऱ्यांना आपली मंडळी जास्त, त्यामुळे मेसेजमधली ‘गेटासमोर’वाली ओळ नेमकी त्यांनाच जास्त गोत्यात आणते.

आता अ‍ॅप. नागपुरात धरमपेठेत बसून दूध-दही दहा मिनिटांत येतं, म्हणून वाटतं जगभर तसंच. पोर्टाच्या फाटकावर सीआयएसएफचा पहारा असतो. डिलिव्हरीवाला पोरगा आत येऊ शकत नाही, आणि तुमचं चेक-इन झालं असेल तर तुम्ही बाहेर जाऊ शकत नाही. दोघं फोनवर ‘कुठे आहात’ करत राहणार, आणि मध्ये फाटक. मागवायचंच असेल तर आदल्या रात्रीच्या हॉटेलवर मागवा, तिथे अ‍ॅप झकास चालतं.

शिवाय एक गोष्ट मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेली दिसत नाही. विकत घेतलेली प्रत्येक वस्तू जहाजावर जातेच असं नाही. बॅगा एक्स-रेमधून जातात. इस्त्री, इलेक्ट्रिक केटल, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती या वस्तू आगीच्या भीतीने जवळजवळ सगळीकडे बंद. बऱ्याच जहाजांवर स्पाइक गार्डवाला एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात. दारू आणि घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्यांना चालत नाही. ओळखीतल्या एका कुटुंबाने सकाळच्या चहासाठी घरची केटल विसरली म्हणून मुंबईत नवी कोरी घेतली आणि दोन तासांत ती टर्मिनलवर पावती घेऊन जमा केली. परत येताना मिळते म्हणा, पण मग घेतली कशाला? चिवडा-संत्रा बर्फीवाल्यांनी कंपनीचा नियम आधी वाचावा. सीलबंद पाकीट काही ठिकाणी चालतं, डब्यातली पाटवडी नाही.

‘जहाजावर ड्यूटी-फ्री, म्हणून स्वस्त’ हे वाक्य दिसायला हुशार आहे. ड्यूटी ज्या वस्तूंवर जबर असते त्या स्वस्त पडतात: परदेशी दारू, अत्तर, घड्याळं, सिगारेट. टूथब्रशवर मुळात कितीशी ड्यूटी असते की ती माफ झाल्याने स्वस्त होईल? जहाजावर टूथपेस्ट, सनस्क्रीन, डोकेदुखीची गोळी असं किरकोळ सामान ठेवतात, पण समुद्रात दुसरं दुकान नाही हे दुकानदाराला ठाऊक असतं आणि किमतीही त्याच हिशेबाच्या असतात. विदेशी जहाजावर त्या परकीय चलनात, बहुधा डॉलरमध्ये. शिवाय ही करमुक्त दुकानं जहाज बंदरात उभं असताना बंद ठेवावी लागतात. चढल्या चढल्या खरेदी होत नाही. आणि मुंबई-गोवा ही देशातल्या देशातली फेरी. परदेशी जाणाऱ्या जहाजाची करमाफी तिला लागू नाही. तेव्हा तो मुद्दा तिथेच बुडाला.

आता औषधं. बाकी सगळं चुकलं तरी गैरसोय होते, इथे चुकलं तर जिवाशी खेळ. जहाजावर डॉक्टर असतो हे खरं. पण तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो. त्याची फी असते, ती खोलीच्या बिलात चढते. त्याच्या कपाटात हृदयविकाराचा झटका सांभाळायचं सामान असेल. तुमच्या आईची थायरॉईडची अमुक मायक्रोग्रॅमची गोळी किंवा वडिलांचं ठरावीक इन्सुलिन असेलच असं कोणी सांगू शकत नाही. ज्यांना रोजच्या गोळ्या आहेत त्यांनी त्या लागतील त्यापेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्त, मूळ पाकिटासकट, चिठ्ठीसोबत न्याव्यात. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाखाली औषधाचं मूळ नावही डॉक्टरकडून लिहून घ्या. परदेशी फार्मसीत आपल्याकडचा ब्रँड कोणी ओळखत नाही, मूळ नावावरून निदान काय हवं ते कळतं. कळलं म्हणून मिळेलच असं मात्र नाही. सिंगापुरात रक्तदाबाच्या गोळीला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, रामदासपेठेतल्या डॉक्टरची नाही. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलही सुपरमार्केटात विकत नाहीत. औषधालयच गाठावं लागतं, आणि रविवारी पाळीवरचं एखादंच उघडं असतं.

हे सगळं बॅगेत असून उपयोग नाही अशीही एक वेळ येते. टर्मिनलवर मोठी बॅग हमालाच्या हाती दिली की ती खोलीच्या दाराशी यायला कित्येक तास लागतात, कधी संध्याकाळ होते. दुपारची गोळी त्या बॅगेत असेल तर ती त्याच जहाजावर असूनही तुमच्याकडे नाही. गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, लहान मुलाचे एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत. इन्सुलिन तर विमानातही सामानाच्या डिकीत टाकायचं नसतं.

उलटीच्या गोळीचं वेगळं. ती बऱ्याच जहाजांवर मिळते, कारण मागणीच तशी असते. पण अ‍ॅव्होमिनसारखी गोळी पोटात ढवळायला लागल्यावर नाही, त्याआधी घ्यायची असते. आणि ती झोप आणते. घाटात गाडी लागणाऱ्यांनी ती नागपुरातूनच, डॉक्टरला विचारून घेतलेली बरी.

ओळखपत्राबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, याचं नवल वाटतं. कारण जगातल्या कुठल्याच दुकानात न मिळणारी वस्तू तीच. मुंबईकर आधार विसरला तर भावाला फोन करतो, भाऊ तासाभरात लोकल धरून येतो. आपलं घर रेल्वेने आठशेहून जास्त किलोमीटरवर. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला म्हणून कोणी आधार घेऊन ७०१ किलोमीटर गाडी पळवणार नाही. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत घरीच तपासा. सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर बऱ्याच देशांच्या बाबतीत काउंटरवरचा माणूस कितीही भला असला तरी सोडणार नाही.

आणि शेवटचा दावा, ‘पुढच्या बंदरात उतरून घ्या’. मुंबईहून निघालेलं जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागतं. तिथून वास्कोचा बाजार टॅक्सीने जवळ आहे, तेव्हा हा दावा तिथे बऱ्यापैकी टिकतो. फक्त जहाजावर परतायची वेळ घड्याळात लावून ठेवा, जहाज थांबत नाही. कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर उभं राहतं. तेही बंदर, नौदल आणि कचेऱ्यांचं बेट, म्हणजे बॅलार्ड पिअरचीच गोष्ट. खरेदीला पूल ओलांडून एर्नाकुलममध्ये जायचं. लक्षद्वीपला मोठं जहाज अगत्तीच्या किनाऱ्याला लागतच नाही, बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या होडीने तुम्हाला नेतात. बेटावर दुकानं आहेत, पण ती तिथे राहणाऱ्यांच्या रोजच्या गरजेची, आणि तिथला मालही समुद्रातूनच येतो. समुद्र खवळला तर होड्याच जात नाहीत, मग बेट लांबून पाहायचं.

बुकिंग करताना स्वस्त म्हणून जी वीकेंडची फेरी आपली बरीच मंडळी निवडतात, तिचा मार्ग एकदा नीट वाचा. काही फेऱ्या नुसत्या खोल समुद्रात जाऊन परत फिरतात, मध्ये कुठेच लागत नाहीत. त्या फेरीत पुढचं बंदर म्हणजे पुन्हा मुंबईच.